काकूंच्या नावाने मिस्सा ठेवता येते का?

२ नोव्हेंबर हा आम्हा कॅथलिकांचा मृतांचा दिवस. वसईत त्या दिवशी सिमेटरीत पाय ठेवायला जागा नसते, जिकडेतिकडे फुलं आणि मेणबत्त्या, आणि त्याच्या आधी चर्चच्या ऑफिसात आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची असतात म्हणजे त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, होते. मी गेल्या वर्षी यादीत आई, बाबा, आजी आणि एक मावशी अशी नावं लिहिली आणि शेवटी शेजारच्या काकूंचं नाव लिहिलं, ज्या मे महिन्यात गेल्या. यादी घेणारा पोरगा बघतच राहिला, म्हणाला, अंकल, हे नाव हिंदू वाटतंय. म्हटलं अरे काकूपण हिंदूच होत्या.

तो बिचारा गोंधळला, फादरना विचारून सांगतो म्हणाला. काय सांगितलं ते शेवटी सांगतो, पण घरी येताना डोक्यात तेच फिरत राहिलं की हा मिस्सेचा प्रश्नच नाहीये, खरा प्रश्न असा आहे की काकू आत्ता आहेत कुठे. रोज देव्हाऱ्यासमोर दिवा लावणारी, आमच्या आईच्या आजारपणात दोन महिने आमच्याकडे डबा पाठवणारी बाई, तिला आमचा देव आत घेतो की बाहेर उभं करतो? आणि काकूंचा थोरला, जो कट्टर नास्तिक आहे, गुढीसुद्धा उभारत नाही, त्याचं काय? मी काही फादर नाही की धर्मशास्त्राचा प्रोफेसर नाही, पण या विषयावर बऱ्यापैकी वाचलंय, तर आमच्या चर्चने यावर काय काय म्हटलं आणि ते कसं कसं बदलत गेलं ते जमेल तितक्या साध्या भाषेत सांगतो.

सगळ्यात आधी ते प्रसिद्ध वाक्य, चर्चच्या बाहेर तारण नाही. तारण म्हणजे आपण मोक्ष म्हणतो त्याच्या जवळपासचं, मेल्यावर देवाच्या सहवासात जाणं. हे वाक्य तिसऱ्या शतकातल्या सिप्रियन नावाच्या बिशपचं, आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप, २५८ साली त्याचं डोकं उडवलं रोमन लोकांनी. आता गंमत बघा, हे वाक्य त्याने हिंदूंसाठी किंवा बौद्धांसाठी लिहिलेलंच नाही. त्याचं भांडण होतं चर्चमधून फुटून वेगळी चूल मांडणाऱ्या ख्रिस्ती लोकांशी. म्हणजे घरातल्या माणसाला दिलेला दम होता तो, अरे घर सोडून जाशील तर खाशील काय, असा. पुढे शेकडो वर्षांनी तोच दम जे कधी घरात आलेच नव्हते त्यांना लावला गेला.

आणि सिप्रियनच्याही शंभरेक वर्षं आधी जस्टिन नावाचा एक ख्रिस्ती विचारवंत होऊन गेला, तो तर उलटंच म्हणत होता. त्याच्या मते जे लोक विवेकाने जगले, म्हणजे सॉक्रेटिस वगैरे, ते ख्रिस्ताच्या आधी जन्मले आणि लोकांनी त्यांना नास्तिक ठरवलं तरी ते ख्रिस्तीच. म्हणजे मोठ्या मनाची भूमिका ही काही आत्ताची मॉडर्न भानगड नाही, ती दुसऱ्या शतकातली आहे.

पण मधल्या काळात दार बंद होत गेलं हे खरं. १३०२ मध्ये पोप बोनिफेस आठवा यांनी जाहीर केलं की तारणासाठी प्रत्येक माणसाने रोमच्या पोपच्या अधीन असणं गरजेचं आहे (त्यांचं तेव्हा फ्रान्सच्या राजाशी जोरदार वाजलं होतं, तोही संदर्भ लक्षात घ्या). आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेचा (परिषद म्हणजे बिशपांची मोठी सभा) जो मजकूर आहे तो वाचून आजही अंगावर काटा येतो. मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी, फुटीर, हे सगळे मरण्याआधी चर्चमध्ये आले नाहीत तर कायमच्या आगीत जाणार, कितीही दानधर्म केला तरी उपयोग नाही. सरळ असं लिहिलंय.

इतकं कडक का? याचं एक कारण मला फार पटतं, ते म्हणजे नकाशा. तेव्हा युरोपातल्या माणसाचा साधारण समज असा होता की जगात बहुतेक सगळीकडे शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, पोचलेलं आहे, आता ज्याने ऐकून नाही म्हटलं तो त्याच्याच हट्टाने बाहेर आहे, मग भोगू दे. डान्टे या इटालियन कवीला मात्र तेव्हाही शंका आली होती, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याच्या काव्यात चक्क असा सवाल आहे की समजा सिंधू नदीच्या काठी एखादा माणूस जन्मला, तिथे ख्रिस्ताचं नाव सांगणारं कोणी नाही, माणूस वागायला बोलायला चांगला, आणि तो बाप्तिस्म्याशिवाय (म्हणजे पाण्याने ख्रिस्ती करून घेण्याच्या विधीशिवाय) मेला, तर यात त्याची चूक काय? सिंधू नदी, म्हणजे बघा, उदाहरण द्यायला आपणच सापडलो. उत्तर त्याने सरळ दिलेलं नाही, देवाचा न्याय मोजणारा तू कोण एवढंच ऐकायला मिळतं, पण प्रश्न तर विचारला गेला.

मग १४९२ ला कोलंबस, १४९८ ला वास्को द गामा कालिकतला. फ्लॉरेन्सच्या त्या मजकुराला साठ वर्षंही झाली नव्हती आणि कळलं की अख्खे खंडच्या खंड आहेत जिथे ख्रिस्ताचं नाव कोणी ऐकलेलंच नाही. आता या सगळ्यांच्या बापजाद्यांना आगीत टाकायचं का?

इथे येतात आपले सेंट झेवियर. १५४२ मध्ये गोव्यात उतरले, वसईलाही येऊन गेले, आणि १५४९ मध्ये जपानला पोचले. जपानी लोकांनी त्यांना जे प्रश्न विचारले ते झेवियरनी स्वतःच पत्रात लिहून ठेवलेत, जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपला पाठवलेलं पत्र आहे. जपानी माणूस पूर्वजांना किती मानतो ते तुम्हाला माहीत असेल. त्यांनी विचारलं की तुमचा देव एवढा दयाळू आहे तर आम्हाला इतकी वर्षं काही कळवलं का नाही? आणि त्याहून कठीण प्रश्न ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता त्यांचा होता. आमचे आईवडील, आमची गेलेली पोरंबाळं, ते नरकात असतील तर आम्ही प्रार्थना करून, दानधर्म करून त्यांना सोडवू शकतो का? झेवियरनी त्यांना सांगितलं की नाही, काहीच उपाय नाही. ते लोक ऐकून रडायचे. झेवियर लिहितात की आपल्या इतक्या जवळच्या मित्रांना, ज्याला इलाज नाही अशा गोष्टीसाठी रडताना बघून मलाही भरून यायचं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण हा प्रश्न जपानचा नाहीये हो, आमचा आहे. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९, त्या काळात आमच्या घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला असणार, खुशीने की नाइलाजाने ते देव जाणे, आणि त्या माणसालाही आई असणारच ना. ती बाप्तिस्म्याशिवाय गेली असेल. मी तिचाच वंशज. २ नोव्हेंबरच्या यादीत तिचं नाव कोणी घालत नाही, कोणाला माहीतच नाही.

बरं, चर्चमध्ये तेव्हा बाजूची दारं नव्हती असं नाही. मला यात सारखं एकच दिसतं, की जेव्हा जेव्हा दार किलकिलं झालंय तेव्हा समोर कोणीतरी ओळखीचं माणूस मेलेलं आहे. ३९२ मध्ये रोमचा तरुण सम्राट व्हॅलेंटिनियन दुसरा बाप्तिस्मा न घेताच गेला, घ्यायचा होता पण राहिला. मिलानचा बिशप अँब्रोज त्याच्या बहिणींसमोर उभा राहून सांगतो, रडू नका, त्याने मागितला होता ना, मग मिळाला. यातून पुढे इच्छेचा बाप्तिस्मा ही कल्पना पक्की झाली, पाणी पडलं नाही तरी मनातली इच्छा धरली जाते. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ते अधिकृतपणे मान्य केलं, बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा. त्याआधी तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणून गेले होते की रानात जनावरांमध्ये वाढलेला माणूस असला आणि तो आपल्या बुद्धीप्रमाणे चांगल्याच्या मागे गेला, तर देव त्याला काहीतरी करून कळवेल, आतून तरी किंवा माणूस पाठवून. आणि झेवियर जपानात होते त्याच काळात स्पेनच्या सालामांकातले धर्मपंडित अमेरिकेतल्या लोकांबद्दल हाच वाद घालत होते, की ज्याने कधी ऐकलंच नाही त्याचा न ऐकण्याचा दोष कसा धरणार?

तर किल्ली ही होती: दोष कोणाचा. १८६३ मध्ये पोप पायस नववे, जे अजिबात मवाळ वगैरे नव्हते, त्यांनीही लिहून दिलं की जे लोक स्वतःचा दोष नसताना अजाण आहेत आणि प्रामाणिकपणे जगतात त्यांना देवाच्या कृपेने तारण मिळू शकतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत बोस्टनला फादर फीनी नावाचे जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) होते, ते मात्र ऐकेनात, कॅथलिक नाही तो नरकात, विषय संपला. रोमने १९४९ मध्ये पत्र पाठवून सांगितलं की तुम्ही सांगताय तसा अर्थ नाहीये त्याचा. तरी ऐकलं नाही तेव्हा १९५३ मध्ये त्यांनाच चर्चबाहेर काढलं! चर्चबाहेर कोणाचं तारण नाही म्हणणारा माणूसच बाहेर. (१९७२ मध्ये परत आत घेतलं, काळजी नको.)

आणि मग आली दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६२ ते ६५. २१ नोव्हेंबर १९६४ च्या दस्तऐवजात सोळाव्या कलमात जे लिहिलंय ते सोप्या मराठीत असं: ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताचं शुभवर्तमान माहीत नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धी सांगते तसं वागायचा प्रयत्न करतात, त्यांना तारण मिळू शकतं. एवढ्यावर थांबले नाहीत. पुढे म्हणतात की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय अजून देवाचीच ओळख पटलेली नाही, तरी नीट जगायची धडपड करतात, त्यांनाही देव लागणारी मदत नाकारत नाही. म्हणजे काकू पहिल्या वाक्यात आल्या आणि त्यांचा थोरला दुसऱ्या वाक्यात.

या दस्तऐवजाला दोन आठवडेही झाले नव्हते आणि पोप पॉल सहावे मुंबईत आले, डिसेंबर १९६४, ओव्हल मैदानावर मोठा धार्मिक मेळावा होता. तेव्हा इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातली प्रार्थना म्हटली, असतो मा सद्गमय वाली. रोमचा पोप, मुंबईत, उपनिषद. फक्त १४४२ चा मजकूर एकदा आठवा आणि मग हे चित्र डोळ्यासमोर आणा.

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट क्लिअर करू, कारण व्हॉट्सॲपवर हे सगळं पोप म्हणाले सगळे धर्म सारखे असं होऊन फिरतं. तसं नाही म्हटलेलं. या विषयात साधारण तीन भूमिका असतात, लग्नाच्या जेवणावरून सांगतो. पहिली भूमिका, आमंत्रण असेल त्यालाच पंगत, बाकीच्यांनी गेटबाहेर. दुसरी, आमंत्रण नसलं तरी या, बसा, पोटभर जेवा, पण लग्न आमच्याच घरचं आहे आणि जेवण आमच्याच यजमानाने घातलंय, तुम्हाला माहीत असो नसो. तिसरी, प्रत्येक घरात लग्न आहे, कुठेही जेवा, पोट भरल्याशी मतलब. कॅथलिक चर्च आज दुसऱ्या भूमिकेवर उभं आहे. हिंदू माणसाचं तारण होऊ शकतं, पण होतं ते ख्रिस्तामुळेच, त्याला कळो न कळो.

हे ऐकून माझ्या हिंदू मित्रांची सटकते, आणि बरोबर आहे. कार्ल राहनर नावाच्या जर्मन जेझुइटने अशा लोकांना निनावी ख्रिस्ती असं नाव दिलं होतं. त्यांना एका जपानी तत्त्वज्ञाने, निशितानी नाव त्यांचं, विचारलं की मी तुम्हाला निनावी झेन बौद्ध म्हटलं तर चालेल का? (पुन्हा जपान बघा.) राहनर म्हणाले की तुमच्या बाजूने तुम्ही तसं म्हणू शकता, मला तो मानच वाटेल. पण मित्रांनो, हे फक्त आमच्याकडेच आहे असं समजू नका. गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीकृष्ण काय म्हणतात, येऽप्यन्यदेवता भक्ता, जे श्रद्धेने दुसऱ्या देवांची पूजा करतात तेही माझीच पूजा करतात, पण अविधिपूर्वक. पण अविधिपूर्वक! म्हणजे जेवा पोटभर, पण यजमान मी. राहनरचीच भूमिका झाली की ही, दीडदोन हजार वर्षं आधीची. आणि आमच्या हिंदू धर्मात नरक कायमचा नसतो असं जे ठोकून सांगतात त्यांनी मध्वाचार्य वाचावेत, त्यांच्या मते काही जीव कायमचेच अंधारात जाणारे आहेत.

मुसलमानांमध्येही हा वाद जुनाच. मोठे इस्लामी धर्मपंडित इमाम गझाली, ११११ मध्ये वारले, त्यांनी गैरमुस्लिमांचे तीन प्रकार केले: ज्यांनी पैगंबरांचं नावच ऐकलं नाही, ज्यांनी नीट ऐकलं आणि तरी धुडकावलं, आणि तिसरे ज्यांनी लहानपणापासून पैगंबरांबद्दल वाईटसाईट खोटंच ऐकलं. पहिले आणि तिसरे माफ. मला तो तिसरा प्रकार भारी वाटतो, कारण आजच्या काळात आपण सगळे एकमेकांच्या धर्माबद्दल जे ऐकतो ते बहुतेक त्याच प्रकारातलं असतं. ज्यूंचं तर सोपं आहे, त्यांच्या जुन्या परंपरेत परक्या लोकांतल्या सज्जनांनाही येणाऱ्या जगात वाटा आहे, त्यासाठी ज्यू व्हायची गरज नाही.

परत आमच्याकडे. नास्तिकांचा मुद्दा जास्त अवघड, कारण काकूंना निदान देव होता. त्याच परिषदेच्या १९६५ च्या एका दस्तऐवजात एक कबुली आहे जी आमच्या प्रवचनांत फारशी ऐकू येत नाही: लोक नास्तिक होतात त्यात श्रद्धाळूंचाही हात असतो, कारण आपल्या वागण्याने आपण देवाचा चेहरा दाखवण्याऐवजी झाकतो. काकूंच्या थोरल्याला विचारा, तो सांगेल त्याला देव कोणी नकोसा केला, आणि त्यात देवाचा काही संबंध नव्हता.

२०१३ मध्ये पोप फ्रान्सिस सकाळच्या मिस्सेत बोलले की ख्रिस्ताने सगळ्यांना तारलंय, नास्तिकांनासुद्धा, चांगलं करत राहू, तिथे भेटू. झालं, जगभर हेडलाइन, आणि मग चर्चमधल्याच लोकांना सारवासारव करावी लागली की सगळ्यांसाठी किंमत मोजली याचा अर्थ सगळे आपोआप आत असा नाही, घेणाऱ्याने घ्यावं लागतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे ते. पण मला फ्रान्सिसचा दुसरा प्रसंग जास्त बोलका वाटतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये रोमच्या एका गरीब वस्तीतल्या चर्चमध्ये मुलं त्यांना प्रश्न विचारत होती. एक लहान मुलगा माइकपाशी आला आणि त्याला बोलताच येईना, रडायलाच लागला. पोपनी त्याला जवळ बोलावलं, कानात सांग म्हणाले. त्याचा बाप नुकताच गेला होता, नास्तिक होता, पण चारही मुलांना बाप्तिस्मा दिला होता त्याने. माझे बाबा स्वर्गात आहेत का, एवढंच विचारायचं होतं. पोपनी त्याच्या परवानगीने तो प्रश्न सगळ्यांना सांगितला, म्हणाले की कोण स्वर्गात जातो ते देव ठरवतो, पण असा बाप असेल तर देव त्याला दूर ठेवेल का, तुम्हाला काय वाटतं? पोरं ओरडली, नाही! देव आपल्या लेकरांना टाकून देतो का? नाही!

झेवियर आणि फ्रान्सिस दोघेही जेझुइट. एकच प्रश्न, रडणारं माणूस समोर, मध्ये साधारण पावणेपाचशे वर्षं.

तुम्ही म्हणाल मग आता सगळं मोकळंच आहे, मग चर्चला जायचं कशाला आणि मिशनरी पाठवायचे कशाला? हा प्रश्न रोममध्येही काही लोकांना सतावतो. २००० साली रोमने एक कडक दस्तऐवज काढला की इतर धर्मातल्या माणसाला कृपा मिळू शकते पण त्याची एकूण परिस्थिती फार अपुरी आहे. आणि जाक द्युप्विस नावाचे बेल्जियन जेझुइट, ज्यांनी आयुष्यातली छत्तीस वर्षं भारतात काढली, त्यांनी लिहिलं की इतर धर्मांनाही देवाच्या योजनेत स्वतःची जागा असावी, तर २००१ मध्ये त्यांच्या पुस्तकावर रोमने जाहीर ताकीद दिली. माझं मत विचाराल तर भारतात छत्तीस वर्षं शेजार केलेला माणूस असंच लिहिणार, तिकडे ऑफिसात बसून फाइल बघणारा दुसरं लिहिणार. आणि जाऊन काय उपयोग म्हणणाऱ्यांना एवढंच, की मी चर्चला नरकाच्या भीतीने जातच नाही, तसं जाणं म्हणजे पोलीस बघून हेल्मेट घालणं झालं.

आणि हो, मोकळं वगैरे काही नाही. त्या १९६४ च्या कलमातली अट नीट वाचा, विवेकबुद्धी सांगेल तसं वागणं. ही बाप्तिस्म्यापेक्षा भयंकर अट आहे. बाप्तिस्मा मला महिनाभराचा असताना झाला, मी झोपलेलो होतो. विवेकाचं मला रोज सकाळी उठून बघावं लागतं आणि निम्म्या दिवशी मी नापास होतो, हिशोब तसाच लागला तर काकू आत आणि मी गेटवर.

असो. फादरचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. चर्चच्या १९८३ च्या कायद्याच्या पुस्तकात ९०१ क्रमांकाचं एका ओळीचं कलम आहे, धर्मगुरू कोणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत असो वा मृत. कोणासाठीही. काकूंचं नाव लागलं. मी थोरल्याला सहज सांगितलं होतं तर तो आला, शेवटच्या बाकावर बसला, सगळे उठले की उठायचा, सगळे बसले की बसायचा, अर्धा सेकंद उशिरा. फादरनी यादी वाचताना काकूंचं आडनाव चुकीचं उच्चारलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, आई असती तर तिथेच उभी राहून दुरुस्त केलं असतं तिने.